बाटल्या नंतर, आधी शिवणीतली पट्टी

नव्याने आलेल्या मंडळींचा पहिला फोन घर लागायच्या आधीच येतो, तोही दुकानातून. "ताई, इथे कपडे धुवायच्या बाटल्यांची अख्खी भिंत आहे हो. कुठली उचलू?" मी हसत नाही. मी स्वतः इथे आल्यावर पहिला महिना कपडे नुसत्या सॉफ्टनरने धुतले होते. बाटलीवर फुलं होती, घडी घातलेला पांढरा टॉवेल होता, भाषा कळत नव्हती. मशीनचं दार उघडलं की घरभर सुवास, त्यामुळे मी खूश. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की टॉवेल अंगावरचं पाणी टिपतच नाही, नुसतं इकडून तिकडे पसरवतो, आणि शर्टांच्या कॉलरवरची मळाची रेघ आहे तशीच आहे. शेजारणीने बाटली फिरवून मागचा मजकूर वाचला आणि कपाळाला हात लावला.

सॉफ्टनर मळ काढत नाही. तो धाग्यांवर एक मऊ, किंचित तेलकट थर चढवतो, म्हणून कापड हाताला मऊ लागतं. टॉवेलच्या बाबतीत नेमका तोच थर पाणी शोषू देत नाही. मायक्रोफायबरची फडकी आणि खेळाचे घाम टिपणारे कपडे यांचंही तेच होतं. लहान मुलांच्या आग न धरणाऱ्या रात्रीच्या कपड्यांना तर तो लावूच नये, त्या कापडाचा गुणच कमी होतो. मी आता सॉफ्टनर घेत नाही. तुम्ही घ्यायचा तर घ्या, पण डिटर्जंटच्या जागी नको.

म्हणून माझं पहिलं सांगणं: पहिल्या महिन्यात बाटल्या जमवू नका. कपड्याच्या आतल्या शिवणीला एक छोटी पट्टी असते ना, टोचते म्हणून आपण कापून टाकतो ती, ती कापू नका. तिच्यावरच्या खुणा वाचायला भाषा लागत नाही. पाण्याची बादली म्हणजे धुणं, आतला आकडा म्हणजे पाणी जास्तीत जास्त किती अंश सेल्सिअस चालेल ते, बादलीत हात दिसला तर हातानेच धुवायचं. त्रिकोण म्हणजे ब्लीच. चौकोनातलं वर्तुळ म्हणजे गरम हवेचा ड्रायर. नुसतं वर्तुळ असेल तर तो कपडा ड्रायक्लीनवाल्याचा. इस्त्रीत एक ठिपका असेल तर 110 अंशांपर्यंत, दोन असतील तर 150, तीन असतील तर 200. फुली मारली असेल तर ते करायचं नाही, संपलं. ड्रायरवर फुली असलेला लोकरीचा स्वेटर माझ्या एका मैत्रिणीने ड्रायरमध्ये टाकला. बाहेर निघाला तो बाहुलीला बरोबर बसेल एवढा. लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात. ऊब, ओल आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड होतं. एकदा आटलेली लोकर पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

आता डिटर्जंट. समोरच्या बाजूला फक्त जाहिरात असते, कामाचं सगळं मागच्या बारीक अक्षरांत. तिथे एन्झाइम आहेत का ते बघा. प्रोटीएज रक्त आणि घामाचे डाग फोडतं, लायपेज तेलकटपणा, अमायलेज पिठूळ चिकटा. मात्र लोकर आणि रेशीम हे धागे मुळात प्रथिनांचेच. प्रोटीएजला डाग कुठला आणि कापड कुठलं हे कळत नाही, म्हणून या दोन कापडांसाठी एन्झाइम नसलेलं सौम्य द्रव वेगळं ठेवावं लागतं. आणि रक्ताचा डाग आधी गार पाण्यात, कधीही गरम पाण्यात नाही. गरम पाण्याने तो धाग्यात शिजून बसतो.

पावडर की द्रव, हा प्रश्न ठरलेला. पांढऱ्या कपड्यांच्या पावडरीत बहुधा सोडियम परकार्बोनेट असतं. पाण्यात ते हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं आणि कोमट ते गरम पाण्यात पिवळटपणा काढतं. द्रवात ते टिकत नाही म्हणून सहसा नसतं, पण ताज्या तेलकट डागावर थेट ओतायला द्रव बरं. पांढऱ्यांच्या पावडरीत वर आणखी चकाकी आणणारे पदार्थ असतात, आपल्या निळीचेच आधुनिक भाऊबंद. गडद कपडे त्यांच्यात घातले तर हळूहळू विटतात. त्यासाठी रंगीत कपड्यांचं वेगळं डिटर्जंट मिळतं, ते घ्यावं. मी या दोनच गोष्टी ठेवते, पांढऱ्यांची पावडर आणि रंगीतांचं द्रव, शिवाय लोकरीची ती छोटी बाटली.

माप मात्र आपलं चुकतंच. फेस झाला म्हणजे धुतलं गेलं, ही सवय हातात मुरलेली असते. समोरून उघडणाऱ्या मशीनला पाणी कमी लागतं. जास्त साबण पडला तर तो विसळून निघत नाही, कपड्यात राहतो, दाराच्या रबरात साचतो आणि मशीनला कुबट वास मारायला लागतो. खोक्यावर पाण्याच्या जडपणानुसार मापं दिलेली असतात. नळाला पांढरा थर धरत असेल तर पाणी जड समजा, आणि तेवढंच माप घ्या, अंदाजे झाकणभर नको. पाण्यात विरघळणाऱ्या थैलीतल्या गोळ्या वापरणार असाल तर हात कोरडे हवेत, गोळी थेट कपड्यांबरोबर ड्रममध्ये, आणि खोका लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर. रंगीबेरंगी दिसतात म्हणून मुलं त्या तोंडात घालतात.

क्लोरीनवालं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, घरात असेल तर एक गोष्ट सगळ्यांना सांगून ठेवा, भाड्याच्या खोलीत एकत्र राहणाऱ्यांनी तर नक्कीच: ते कशातही मिसळायचं नाही. व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. अमोनियाचा काचा पुसायचा द्रव पडला की क्लोरामाइन हा दुसरा विषारी वायू. दोन्ही छातीत जातात. "दोन्ही टाकलं तर दुप्पट साफ होईल" असं वाटणारा एक माणूस प्रत्येक घरात असतो. आणि लोकर, रेशीम किंवा लवचीक कापडावर हे ब्लीच कधीच नको.

फर्निचरचं सांगते. तुमच्या घरातलं बरंचसं लाकूड हे लाकूड नसतंच. भुसा दाबून केलेल्या फळीवर लॅमिनेट चिकटवलेलं असतं. कडेला खालून बघा, भुशासारखा पोत दिसेल. त्याला पॉलिशची गरज नाही, ओलसर फडकं आणि लगेच कोरडं फडकं, बस्स. त्यावर मेण चोळलं तर ते आत जायला जागाच नसते, वर चिकट बसतं आणि धूळ धरतं.

खरं लाकूड असेल तर त्यावर कोणता थर आहे ते आधी ओळखा. टेबलाच्या खालच्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही, पाण्याचा एक थेंब ठेवा. तो मुरला आणि जागा गडद झाली तर लाकूड तेलाचं किंवा थोड्याशाच मेणाचं असतं. थेंब गोल उभा राहिला तर वर वार्निश किंवा लाखेचं पॉलिश आहे. लाख आहे का ते बघायला कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन तिथेच टेकवा. लाख मऊ पडून चिकट होते, वार्निश तसंच राहतं. ही परीक्षा आधी केली की पुढे स्पिरिटचा फवारा लाखेच्या टेबलावर मारण्याचा घोटाळा होत नाही.

भाड्याच्या घरातल्या टेबलावर माझ्या गरम कपाचा पांढरा गोल उमटला होता. डिपॉझिट डोळ्यांपुढे आलं. पांढरा गोल म्हणजे ओल वरच्या थरातच अडकली आहे, लाकडापर्यंत पोचलेली नाही. मी त्यावर सुती फडक्याची दुहेरी घडी टाकली, इस्त्री सगळ्यात कमी उष्णतेवर, वाफ बंद, आणि पाच-पाच सेकंद टेकवून उचलत राहिले. प्रत्येक वेळी फडकं उचलून बघायचं. चौथ्या-पाचव्या वेळेला गोल फिका पडत गेला आणि नाहीसा झाला. डाग काळा असता तर यातलं काही चाललं नसतं. तेव्हा पाणी लाकडात उतरलेलं असतं आणि काम सुताराचं होतं.

फवाऱ्याच्या चकाकणाऱ्या पॉलिशांमध्ये पुष्कळदा सिलिकॉन तेल असतं. टेबल छान दिसतं, पण पुढे कधी ते नव्याने रंगवायचं झालं तर रंग तिथे धरत नाही, बारीक खड्डे पडतात. जुन्या, चांगल्या वस्तूला मी मेणाचंच पॉलिश लावते. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, कार्नोबा नावाचं झाडाच्या पानांचं मेण 80 च्या वर, म्हणून कार्नोबाचा थर कडक आणि टिकाऊ होतो. लावायचं अगदी पातळ, थोडं वाळू द्यायचं, मग दुसऱ्या मऊ फडक्याने घासायचं. वर्षातून एकदा पुष्कळ झालं.

लाकडाला पॉलिशऐवजी अळशीचं तेल लावलं असेल तर त्याची फडकी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. बोळ्यात ती उष्णता अडकते आणि फडकं आपोआप पेट घेतं. बाहेर एकेक फडकं उलगडून वाळत घाला, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.