सांगलीतल्या लहान नाट्यगृहात गाण्याची मैफल ऐकायला जाताना
विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ज्या गावात ‘सीता स्वयंवर’ रंगवले, त्या सांगलीत नाट्यगृहात कसे बसावे हे कोणाला शिकवावे लागत नाही. मात्र नाटकाची सवय मैफलीत जशीच्या तशी चालत नाही. नाटकाला उशीर झाला तर आपले दोन संवाद बुडतात, पण लहान सभागृहातल्या मैफलीला उशीर झाला, तर आपल्या चपलांचा आवाज थेट गायकाच्या आलापात मिसळतो. म्हणून जाहीर वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावे. कार्यक्रम विनामूल्य प्रवेशिकेचा असेल, तर प्रवेशिका हातात असणे म्हणजे खुर्ची राखून ठेवलेली असणे नव्हे, हे धरूनच घरून निघावे.

जागा निवडताना पहिल्या रांगेचा मोह टाळावा. तिथे मान वर करून बसावे लागते आणि कडेच्या ध्वनिवर्धकाजवळ जागा मिळाली, तर तबल्याखाली तानपुरा पार बुडून जातो. चौथी ते सहावी रांग, शक्यतो मधोमध, ही माझ्या मते सर्वांत चांगली जागा. श्रोत्यांच्या बाजूने पाहता तबला बहुधा डावीकडे असतो आणि तबलजी गायकाकडे वळून बसतो, त्यामुळे ज्यांना त्याची बोटे पाहायची असतील त्यांनी उजवीकडे बसावे.

तानपुरे सुरात लागत असताना गप्पा मारणारे श्रोते मैफलीचा एक चांगला भाग वाया घालवतात. मिरजेच्या कारागिरांनी घडवलेल्या तानपुऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली एक सुती दोरा असतो; वादक तो बोटाने केसभर सरकवतो आणि आतापर्यंत कोरडी वाजणारी तार एकाएकी गुंजू लागते. हा फरक मैदानातल्या मंडपात कधीच कळत नाही, लहान सभागृहात मात्र तो ध्वनिवर्धकाशिवायही ऐकू येतो.

विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतले गायन, चालू असताना उठू नये. बाहेर जायचेच असेल, तर चीज, म्हणजे चालू असलेली रचना, संपून टाळ्या पडेपर्यंत थांबावे. ताल मांडीवर धरावा, खुर्चीच्या हातावर नाही. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सहज निघालेला ‘वाह’ कलाकाराला हवाच असतो. भडंगाचा पुडा मध्यंतरात बाहेरच संपवावा. मोबाइल नुसता मूक न ठेवता बंद करावा, कारण माझा मूक फोन एकदा लाकडी खुर्चीवर असा थरथरला, की पुढच्या तीन रांगांनी वळून पाहिले.

मैफलीच्या शेवटी गायली जाणारी भैरवी सुरू होताच चपला शोधू लागण्याची रीत आपल्याकडे फार आहे. तासगाव, इस्लामपूरकडच्या श्रोत्यांनी शेवटच्या एसटीची वेळ आधीच विचारून ठेवावी, आणि ती गाठायचीच असेल, तर भैरवीच्या आधीच्या टाळ्यांत मागच्या दाराने निघावे.