कथांतल्या सिद्धी आणि घरातलं त्राटक: कसं करायचं, कुठे चुकतं

कॉमिक्स, अॅनिमे आणि गेममधले योगी नजरेने दगड हलवतात, तळव्यांतून तेज फेकतात, माणसाभोवतीचं वलय बघून त्याचं मन ओळखतात. आपल्याकडे हे नवं नाही. चांगदेव वाघावर बसून, सापाचा चाबूक करून निघाले आणि ज्ञानेश्वरादी भावंडं भिंत चालवत त्यांना सामोरी गेली, ही कथा आळंदीला जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. पण चांगदेवांच्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांच्या ज्या ६५ ओव्या गेल्या, त्या फार कमी जण उघडून बघतात. सिद्धी कशी मिळवावी याचं त्यात अक्षरही नाही. बघणारा, दिसणारी वस्तू आणि बघणं हे तिन्ही मुळात एकच, हा त्यांचा विषय.

पतंजलींच्या योगसूत्रांतल्या विभूतिपाद या भागातही तसंच आहे. दुसऱ्याच्या मनातलं कळणं, अदृश्य होणं, हत्तीचं बळ ही यादी तिथे आहे आणि या सिद्धी समाधीच्या आड येतात हेही त्याच पादात सांगितलं आहे. कथाकारांनी यादी उचलली, पद्धत सोडून दिली. पद्धत म्हणजे चित्त एका जागी बांधणं. ते घरी शिकायचं तर सुरुवात त्राटकापासून, म्हणजे ज्योतीवर किंवा ठिपक्यावर नजर स्थिर ठेवण्यापासून करावी, कारण त्यात चूक झाली तर लगेच दिसते.

मांडणी

ज्योत डोळ्यांच्या रेषेत हवी. मांडी घालून बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण ७५ सेंटीमीटरवर येतात, म्हणून निरांजन स्टुलावर ठेवा आणि कमी पडेल तेवढे पाट खाली सरकवा. अंतर अडीच ते तीन फूट. समईपेक्षा तुपातली फुलवात बरी, तिची ज्योत सरळ उभी राहते. पुण्याच्या थंडीत तूप गोठतं. वात टोकापर्यंत भिजलेली नसेल तर ज्योत बारीक होऊन विझते, म्हणून तूप आधी पातळ करून घ्या. पंखा पाच मिनिटं आधी बंद करा. नदीकाठच्या सोसायट्यांत डासांमुळे हीच मोठी अडचण होते. खिडकीला जाळी लावा, पण कॉइल नको, तिच्या धुराने डोळे चुरचुरतात. मच्छरदाणीत ज्योत घेऊन तर कधीच बसू नका.

जेवणानंतर दोन-तीन तास गेलेले असावेत. कॉन्टॅक्ट लेन्स काढा. चष्म्याशिवाय ज्योतीची कड स्पष्ट दिसत असेल तर चष्माही काढा, नाहीतर राहू द्या. डोळ्यांवर गार पाण्याचे हबके मारा.

कृती

नजर ज्योतीच्या शेंड्यावर ठेवू नका, शेंडा हलतो. वातीच्या टोकाच्या किंचित वर, ज्योतीचा जो भाग जवळजवळ स्थिर असतो, तिथे बघा. पहिला आठवडा एक मिनिट पुरे. पापणी लवली तर लवू द्या, कपाळाला आठ्या पडल्या असतील तर सोडा. हठयोगाच्या हठप्रदीपिका या ग्रंथात ‘अश्रुसम्पातपर्यन्तम्’ म्हटलंय, म्हणजे पाणी येईपर्यंत. पाणी आल्यावरही ताणत बसा असं त्यात कुठे नाही.

मग डोळे मिटा. मिटल्या डोळ्यांपुढे ज्योतीचा ठसा दिसेल, आधी उजळ, मग गडद किंवा जांभळट. खरा अभ्यास इथून सुरू होतो आणि बहुतेक लोक इथेच उठतात. हा ठसा डोळ्याच्या पडद्यावर उमटलेला असतो, म्हणून बुबुळ सरकलं की तोही सरकतो. तो वर निसटत असेल तर तुमची नजर वर चालली आहे. त्याच्यामागे धावलात तर तो आणखी पळतो. श्वास मंद करा, डोळ्यांचे स्नायू सैल सोडा, तो आपोआप मध्यावर येतो. ठसा विरला की डोळे उघडून पुन्हा बघा. अशा तीन फेऱ्या. शेवटी तळवे चोळून डोळ्यांवर झाका, बुबुळं दाबू नका.

दर आठवड्याला अर्धा मिनिट वाढवत तीन मिनिटांवर थांबा. त्यापुढे जायचं तर शिक्षक हवा. सलग दोन महिने झाले की ज्योतीला विश्रांती द्या आणि पांढऱ्या कागदावरच्या दोन सेंटीमीटरच्या काळ्या ठिपक्यावर करा. सूर्यावर त्राटक अजिबात करू नका, नेत्रपटल कायमचं भाजतं. काचबिंदू, नेत्रपटलाचे आजार किंवा अपस्मार असलेल्यांनी ज्योतीचं त्राटक करू नये. भास होण्याचा किंवा तीव्र मानसिक आजाराचा इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नये.

जे दिसतं ते काय असतं

काही दिवसांत वस्तूंच्या कडेला उजळ रेघ दिसू लागते. कथांतलं ‘वलय’ ते हेच असं वाटून अनेक जण इथे अडकतात. नजर कितीही रोखली तरी बुबुळ सूक्ष्म थरथरतं, त्यामुळे वस्तूचा उरलेला ठसा कडेबाहेर डोकावतो, एवढंच ते आहे. मध्यावर नजर ठेवली की आजूबाजूचं पुसट होत जातं. ट्रॉक्सलर या स्विस वैद्याने १८०४ मध्येच हे नोंदवलं. मंद उजेडात आरशात स्वतःकडे बघत राहिलं तर अनोळखी, कधी भेसूर चेहरे दिसतात. इटलीतल्या कापुतो यांनी २०१० मध्ये यावर संशोधन प्रसिद्ध केलं. म्हणून सुरुवातीला आरशाचं त्राटक करू नका. घाबरायला होतं आणि हाती काही लागत नाही.

तळव्यांतल्या मुंग्यांचंही असंच. भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा भराभर श्वास, जोरात आणि लांबवून केली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मज्जातंतू जास्त उत्तेजित होतात आणि बोटांना झिणझिण्या येतात. ती ‘शक्ती’ नव्हे, थांबायची खूण आहे. ओठ बधिर झाले, बोटं आखडली किंवा चक्कर आली तर लगेच नेहमीचा श्वास घ्या. त्याऐवजी नाडीशोधन करा: डाव्या नाकपुडीने चार अंकांत श्वास आत, उजवीने सहा अंकांत बाहेर, मग उजवीने आत आणि डावीने बाहेर, हे एक आवर्तन. अशी नऊ आवर्तनं. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, सुरुवातीला नकोच. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर मुळीच नको. आणि खडकवासल्याला किंवा तलावात पोहण्याआधी वेगाने श्वास घेऊन ‘दम वाढवण्याचे’ प्रयोग करू नका. श्वास घ्यायची ऊर्मी उशिरा येते, शुद्ध आधी जाते आणि माणूस बुडतो.

अंगातून आग काढणाऱ्या योद्ध्यांना मात्र खरा आधार आहे. तिबेटी तुम्मो साधनेत भिक्षूंच्या हातापायांच्या बोटांचं तापमान ८.३ अंश सेल्सिअसपर्यंत वाढल्याचं अमेरिकी डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाने १९८२ मध्ये नोंदवलं. हे मात्र घरी पुस्तकावरून करायचं नाही. त्यात श्वास रोखून पोटाचे स्नायू आवळायचे असतात, त्यासाठी समोर गुरू हवा.

पाठीमागचं ओळखणाऱ्या ‘सहाव्या इंद्रियाला’ सर्वांत सोपी साधना आहे. पहाटे पुण्यातल्या वेताळ टेकडीवर दहा मिनिटं डोळे मिटून बसा. आधी सर्वांत लांबचा आवाज धरा, मग एकेक जवळचा: खालच्या रस्त्यावरचा टेम्पो, मोर, वाटेवरच्या चपला, आपला श्वास. आवाजाला नाव देऊ नका, फक्त दिशा आणि अंतर बघा. आठवडाभरात मागून येणाऱ्याचं पाऊल आधी कळायला लागतं.

पैसे घेऊन ‘तिसरा डोळा’ उघडून देणारा, किंवा सोडून गेलात तर वाईट होईल अशी भीती घालणारा कुणी भेटला, तर चमत्कार दाखवून पैसे उकळणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे हे लक्षात ठेवा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५,००० ते ५०,००० रुपये. या कायद्यासाठी दक्षता अधिकारी नेमलेले असतात. जवळच्या पोलीस ठाण्यात त्यांची चौकशी करा आणि पावत्या, मेसेज जपून ठेवून लेखी तक्रार द्या.