सड्यावरचे कोरीव गवत कसे ओळखावे

पावसाळा सरताना कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, लोक जातात ते फुले पाहायला. त्या फुलांच्या मध्येच डोलणाऱ्या वीतभर गवताकडे सहसा कोणी वाकून पाहत नाही. या गवतांतली एक प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, आहे ग्लायफोक्लोआ. लंडनमधल्या क्यू उद्यानातील गवततज्ज्ञ डब्ल्यू. डी. क्लेटन यांनी १९८१ मध्ये ती स्वतंत्र प्रजाती म्हणून मांडली. भारतीय द्वीपकल्पाबाहेर ती आढळत नाही, आणि रत्नागिरिका, गोएन्सिस या तिच्या जातींच्या नावांतच तिचा पत्ता आहे.

प्रथम जागा नीट निवडावी. जांभ्याचा उघडा, सपाट कातळ आणि त्याच्या खळग्यांत साचलेली जेमतेम चार बोटे माती, अशी जागा हवी. लाखो वर्षांच्या मुसळधार पावसाने इथल्या खडकातील चुना, मॅग्नेशियम आणि सिलिका धुऊन नेली असून लोह व ॲल्युमिनियम मागे उरले आहे. म्हणूनच ही माती तांबडी, आम्लधर्मी आणि निकस असते. खात्री करायची असल्यास २० ग्रॅम माती ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून अर्धा तास ठेवावी आणि वरच्या पाण्यात सामू (pH) मोजण्याची पट्टी बुडवावी. सामू ७ च्या खाली आला की माती आम्लधर्मी समजावी. पट्टी नसली तरी फारसे अडत नाही, कारण सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती जिथे दाटीने उगवतात तिथे मातीत नत्र तुटपुंजे आहे, हे त्याच सांगतात.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. त्याआधी कणसे आलेली नसतात, आणि नंतर ती पिकून पेरापेरांवर तुटून गळतात. पायांत घोट्यापर्यंतचे बूट असावेत आणि सुट्या दगडाखाली हात घालू नये. सड्यावर फुरसे हा विषारी साप असतो.

आता चाळणी लावायची. मोकळ्या, फांद्या फुटलेल्या तुऱ्याची गवते लगेच बाजूला काढावीत. एकाच टोकातून बोटांसारखी दोन-तीन कणसे फुटली असतील आणि दांड्यावर एकेकटीच चपटी कणिशके (कणसातले छोटे फुलोरे) असतील, तर ते बहुधा डायमेरिया हे दुसरे गवत. इस्कीमम हे गवत मात्र हमखास फसवते, कारण त्याची दोन कणसे पाठीला पाठ लावून इतकी घट्ट चिकटलेली असतात की ते एकच कणीस वाटते. नखाने हलकेच उकलून पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये. ग्लायफोक्लोआचे कणीस खरोखरच एकटे असते आणि त्याच्या प्रत्येक पेरावर कणिशकांची जोडी असते, एक बिनदेठाचे व दुसरे देठाचे.

यापुढचे सगळे काम भिंगाचे आहे आणि घाई करू नये ती इथेच. दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावून बिनदेठाच्या कणिशकाचे खालचे तूस, म्हणजे बाहेरचे टणक टरफल, उन्हाकडे तिरके धरावे. त्याची पाठ गुळगुळीत नसते: जातीनुसार तीवर खळगे, आडवे कंगोरे किंवा काटेरी उंचवटे दिसतात, कडांना पंख असतात, टोकाला कधी शेपटीसारखे लांब टोक असते. ग्रीकमध्ये ‘ग्लायफो’ म्हणजे कोरणे आणि ‘क्लोआ’ म्हणजे गवत. बारसू किंवा कशेळीच्या कातळशिल्पांना इंग्रजीत जो ‘पेट्रोग्लिफ’ शब्द वापरतात त्यातला ‘ग्लिफ’ही याच धातूपासून आला आहे. कोरलेल्या कातळावर कोरलेले गवत उगवावे, हा योगायोग मला अजूनही गंमतीचा वाटतो.

जात ठरवताना पानांवर किंवा उंचीवर मुळीच विसंबू नये, कारण एकाच जातीचे रोप पातळ मातीत चार बोटांचे तर खळग्यात वीतभर होते. तुसाचे जवळून छायाचित्र घ्यावे, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवावी आणि शक्य असेल तर कोवळ्या व पिकत आलेल्या अशा दोन्ही कणसांची चित्रे टिपावीत. कास पठारासारख्या संरक्षित ठिकाणी छायाचित्रावरच थांबावे. इतरत्र जमिनीच्या मालकाची परवानगी असल्यास एखादे रोप वर्तमानपत्रात दाबून वाळवावे आणि कागद रोज बदलावा. सुटलेली कणिशके वेगळ्या कागदी पाकिटात घालून पाकिटावर गावाचे नाव, तारीख आणि मातीची खोली त्याच वेळी, पेन्सिलीने लिहावी, कारण सड्यावरच्या ओलाव्यात शाई पसरते.