कोकणात झाडीची जागा घेतलीत? मग या चुका टाळा

दापोली-मंडणगडकडे एकर-दोन एकर झाडीची जागा घेणारी मंडळी आता गावोगाव भेटतात. जागा पसंत करताना झाडी बघून करतात आणि पहिल्याच मे महिन्यात तीच झाडी 'साफ' करायला काढतात. मी याच पट्ट्यात रानं राखतो, स्वतःचं आणि दुसऱ्यांचंही. त्याच त्या चुका पाहून जीव तुटतो, म्हणून एकदा सगळं सांगून टाकतो. यातल्या बहुतेक चुका घाईतून होतात. झाडीला वर्षभर नुसतं पाहायची तयारी नसेल, तर तिला हात लावू नका.

जेसीबी बोलावणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात सोपीही, कारण एका दिवसात होते. आमच्याकडची माळरानं-डोंगरउतार पिढ्यान् पिढ्या जळणासाठी आणि कोळशासाठी तोडले गेले. त्यामुळे ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं बऱ्याच ठिकाणी खुंटाच्या रूपात उभी असतात. प्रत्येक खुंटाला दहा-पंधरा फुटवे आलेले असतात. नव्या माणसाला ते झुडूप वाटतं. खाली मात्र मोठ्या झाडाची जुनी मुळं असतात, जांभ्याच्या, म्हणजे इथल्या लाल कातळाच्या, फटींतून खोल गेलेली. जेसीबीचा दात ती मुळं उपटून काढतो आणि मग तिथेच मालक रोपवाटिकेतून आणलेलं हातभर रोप लावतो. रोपाला ती खोली गाठायला किती वर्षं लागतील, याचा विचार कोणी करत नाही.

वर जांभ्यावरची माती आधीच पातळ. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या भागात ती उघडी टाकली की पहिल्या आठवड्यात लाल पाणी होऊन पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, जाते. पुढच्या वर्षी त्या 'स्वच्छ' जागेवर सगळीकडे रानमोडी हे तण माजते.

माझी पद्धत अशी. पहिला पावसाळा आणि पहिला उन्हाळा कोयता घरातच ठेवायचा. गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला, गुरं राखलेल्या आजोबांना किंवा लाकडाला जाणाऱ्या मावशींना बरोबर घेऊन जागा फिरायची आणि प्रत्येक झाडाचं नाव विचारायचं. मार्चमध्ये कुसुंबाला लालभडक पालवी आली की तो कुठे कुठे आहे ते कळतं. सावर, पांगारा फुलले की तेही सापडतात. उक्षी फुलली की तिच्या वेली कुठे आहेत ते समजतं. ही नोंद झाल्याशिवाय काय ठेवायचं आणि काय काढायचं ते ठरवताच येत नाही.

मग थंडीत खुंटांकडे वळायचं. खाली बसून पाहायचं. जे फुटवे खुंटाच्या माथ्यावरून, कुजक्या लाकडातून आलेत ते पुढे वाऱ्यात फाटतात. जे जमिनीलगत, सालीच्या कडेने आलेत ते टिकतात. असे दोन-तीन सरळ फुटवे ठेवायचे, तेही खुंटाच्या वेगवेगळ्या बाजूंचे, आणि बाकीचे धारदार कोयत्याने तिरके छाटायचे. दोन-तीन वर्षांनी त्यातला सगळ्यात जोमदार ठेवायचा. जुन्या मुळांच्या बळावर तो इतका वेगाने वर जातो की लावलेली रोपं मागे पडतात. शिवाय त्याला पाणी घालावं लागत नाही.

काढायचीच असेल तर रानमोडी आणि घाणेरी काढा. तीही जुलै-ऑगस्टमध्ये, जमीन मऊ असताना, मुळासकट आणि हाताने. ग्रासकटरने कापलेली रानमोडी पुन्हा फुटते. आणि ग्रासकटर बेणणीला, म्हणजे तण काढायला, वापरायचाच असेल तर तो चालवणाऱ्याला आधी ऐनाचं पिल्लू-रोप ओळखता आलं पाहिजे.

बुंध्याभोवती भर घालून पार बांधणं

दुसरी चूक हौसेपोटी होते, म्हणून समजावताना जास्त त्रास होतो.

एका कुटुंबाने शेजारच्या वाडीत जागा घेतली ती एका रायवळ आंब्यासाठी. दोघांच्या कवेत न मावणारा बुंधा, खालची फांदी आडवी पसरलेली. त्यांनी हौसेने झाडाला लागून चिऱ्याचा गोल पार बांधून घेतला, आत कमरेइतकी माती भरली आणि वर फरशी बसवली. बांधणाऱ्याने सांगितलं होतं की भर घातली की झाडाला आधार मिळतो. पहिल्या वर्षी काही दिसलं नाही. दुसऱ्या वर्षी शेंड्याची पालवी बारीक आली आणि वरच्या डहाळ्या उघड्या पडल्या. झाड अशक्त झालं असं समजून त्यांनी खत घातलं, पाणी वाढवलं. तिसऱ्या पावसाळ्यात बुंध्यातून भुसा गळायला लागला, तेव्हा मला बोलावलं.

फरशी काढून आम्ही माती खुरप्याने उपसली. यंत्र लावू दिलं नाही. आत बुंध्याची साल काळी पडलेली, बोटाने ओढली तर पापुद्र्यासारखी हातात येत होती, आंबूस वास येत होता. गाडल्या गेलेल्या बुंध्याला भरावात कोवळी पांढरी मुळं फुटली होती. जुनी मुळं गुदमरल्यावर झाडाने श्वास घ्यायला वरची जागा शोधली होती. मुळांना हवा लागते आणि ती मिळवणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या थरात, फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात. त्यांच्यावर कमरेइतकी माती चेपली की ती मरतात, आणि ओल्या मातीत सतत राहिलेली साल कुजते. अशा साल सुटलेल्या झाडावर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा भुंगेरा, हटकून येते. तिची जाड पांढरी अळी लाकडात बोगदे करत जाते.

भर मूळ पातळीपर्यंत काढली, बुंधा उघडा ठेवून सुकू दिला. भोकांत सायकलच्या तारेचा आकडा घालून अळ्या ओढून काढल्या आणि भोकं चिकणमातीने लिंपली. पश्चिमेकडची बाजू गेलेलीच होती, ती उतरवावी लागली. पूर्वेकडची साल खरवडल्यावर जिवंत निघाली आणि त्या बाजूने झाड आजही आंबे देतं. पण ती आडवी फांदी, जिच्यासाठी जागा घेतली होती, ती पश्चिमेची होती.

तुमच्या झाडाचं काय ते पाहायला एक खूण सांगतो. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीशी रुंदावतो आणि मुळं बाहेर पसरताना दिसतात. बुंधा विजेच्या खांबासारखा सरळ मातीत शिरत असेल तर भर पडली आहे, ती हाताने काढा. रस्ता खोदून निघालेली माती झाडाच्या बुडाशी लोटणं आणि झाडाखाली गाड्या उभ्या करणं यानेही तेच होतं. बसायला जागा हवी तर बुंध्यापासून लांब, सिमेंट न घालता चिरे रचा आणि आत काही भरू नका. सावलीत एखादा बाक ठेवला तरी पुरे.

बाकीच्या चुका

फांदी बुंध्याला घासून कापू नका. फांदी जिथे निघते तिथे फुगवटा असतो, जखम तोच भरून आणतो. जड फांदी आधी खालून थोडी कापा, मग पुढे जाऊन वरून कापा, नाहीतर ती सालीची पट्टी सोलत खाली येते. उरलेला खुंटा शेवटी फुगवट्याच्या बाहेरून काढा. डांबर, ऑइलपेंट, सिमेंट काही फासू नका. आंबा-फणसाच्या जखमेला मी बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावतो: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

बांडगूळ नुसतं ओरबाडलं तर पुन्हा फुटतं, फांदी त्याच्या खालून कापावी लागते. ते आंब्यावरून काढा, पण रानातलं थोडं राहू द्या. फुलटोचे हे चिमुकले पक्षी त्याच्या फळांवर जगतात.

वेल दिसली की तोड, हे करू नका. गारंबी, उक्षी या रानाच्याच आहेत.

झाडाला खिळे ठोकून आणि तारा आवळून दिवे लावू नका. तार सालीत रुतते आणि झाड तिथे गळा आवळल्यासारखं होतं.

लवकर सावली हवी म्हणून ऑस्ट्रेलियन बाभूळ लावू नका. लवकर वाढते आणि वादळात लवकर मोडते. तिच्या पानांचा थर लवकर कुजत नाही, त्याखाली फारसं काही उगवत नाही.

स्वतःच्या मालकीची जागा आहे म्हणून झाड तोडता येतं, असं समजू नका. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, हिरडा ही झाडं आहेत. त्यांना सातबारा तुमचा असला तरी आधी परवानगी लागते.

वादळानंतर घाईने तोडू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आमच्याकडची कितीतरी झाडं एका दुपारी निष्पर्ण झाली. मेली म्हणून लोकांनी कापायला घेतली. ज्यांनी थोडी कळ काढली त्यांच्या झाडांना त्याच पावसात पालवी आली. अर्धी मुळं जमिनीत असलेलं आडवं झाडही जगतं. घरावर किंवा वाटेवर धोका नसेल तर एक पावसाळा वाट पाहा.

आणि वठलेलं झाड जळणाला काढू नका. धनेशाला ढोली लागते, ती म्हाताऱ्या झाडातच असते. मादी फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वतःला आत कोंडून घेते आणि नर फटीतून तिला उंबर, वडाची फळं भरवतो. तुमच्या जागेत असं घरटं असेल तर पिल्लं बाहेर पडेपर्यंत त्या बाजूला करवत, जनरेटर काही नको. लांबून, झाडाआड बसून पाहा.

पातेरा पेटवणं

पानगळ झाली की पातेरा गोळा करून पेटवायची लोकांना सवय आहे. साप येतो म्हणतात. घराभोवतीचं अंगण झाडून घ्या, पण रानातला पातेरा तिथेच हवा. मे महिन्यात तो हाताने उकरून बघा, खालची माती ओलसर आणि भुसभुशीत लागेल. हीच ओल झाडं पावसापर्यंत पुरवतात.

खरा धोका बाहेरून येणाऱ्या वणव्याचा आहे, आणि त्यासाठी लोक काहीच करत नाहीत. आमच्याकडे फेब्रुवारीपासून सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, गवत वाळून कडक होतं आणि एक विडी पुरते. डिसेंबर-जानेवारीत हद्दीच्या गडग्यालगत (दगडी कुंपणालगत) तीन-चार मीटर रुंद पट्टा कापून, झाडून मोकळा करा. कापलेलं गवत आत ओढा, पट्ट्यात ठेवू नका. पहिल्यांदा झाडल्यावर पुन्हा पानं पडतात, म्हणून फेब्रुवारीअखेर एकदा परत झाडावं लागतं. हेच लोक विसरतात. शेजाऱ्याला सोबत घेतलं तर दोघांच्या हद्दीचा एकच पट्टा होतो आणि मजुरी अर्धी पडते. गवत जाळून पट्टा करायचा मोह होतो, तो टाळा. दुपारी वारा फिरला की तुमचाच पट्टा वणवा होतो.