साइटोकाइन रिसेप्टरच्या संशोधनाची तयारी बडोद्यात कशी करावी

दांडिया बाजार, रावपुरा, प्रताप रोड या भागांतल्या मराठी घरांतून सयाजीगंजच्या विज्ञान शाखेत येणारी मुले दरवर्षी एकच प्रश्न घेऊन भेटतात: इम्युनॉलॉजीत पीएच.डी. करायची आहे, तर क्लास कोणता लावावा? क्लासचा विचार नंतर करता येतो. आधी या विषयातले एखादे जुने, पूर्णत्वाला गेलेले काम हाती घ्यावे आणि ते कसे झाले याचा पायरीपायरीने माग काढावा. त्यासाठी साइटोकाइन रिसेप्टरच्या (पेशींमधले निरोप घेणाऱ्या प्रथिनांच्या) क्लोनिंगइतके, म्हणजे त्यांचे जनुक वेगळे काढण्याइतके, सोयीचे काम मला दुसरे दिसत नाही, कारण त्यातले प्रश्न साधे आहेत, उत्तरे आज माहीत आहेत, आणि मधला प्रत्येक दुवा विद्यार्थ्याला स्वतः तपासून पाहता येतो.

पदवीची गोष्ट थोडक्यात सांगतो. जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान यांपैकी कोणत्याही विषयातली एम.एस्सी. चालते. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा जीवरसायनशास्त्र विभाग प्रा. सी. व्ही. रामकृष्णन यांनी १९५५ मध्ये उभा केला. २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले वेंकी रामकृष्णन हे त्यांचे चिरंजीव, आणि त्यांची बी.एस्सी. याच विद्यापीठातली, पण भौतिकशास्त्रातली. तेव्हा विषय थोडा बाजूचा असला तरी घाबरण्याचे कारण नाही.

साइटोकाइन म्हणजे पेशीने दुसऱ्या पेशीला पाठवलेला प्रथिनरूपी निरोप, आणि तो निरोप घेणारे पेशीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन म्हणजे रिसेप्टर. अडचण अशी की एका पेशीवर असे रिसेप्टर बहुधा काही शे ते काही हजारच असतात, त्यामुळे शुद्ध प्रथिन पुरेसे मिळवून त्यावरून जनुक शोधणे फार कष्टाचे होते. इंटरल्यूकिन-२ या साइटोकाइनच्या रिसेप्टरची पहिली, म्हणजे अल्फा साखळी १९८४ मध्ये या कष्टाच्या वाटेने मिळाली. तिला चिकटणारे अँटी-टॅक नावाचे प्रतिपिंड १९८१ पासून हाताशी होते, म्हणून ते जमले. १९८८ मध्ये सिएटलच्या इम्युनेक्स कंपनीतल्या संशोधकांनी इंटरल्यूकिन-१ च्या रिसेप्टरसाठी वेगळी वाट धरली. प्रथिन शुद्ध करण्याऐवजी त्यांनी सीडीएनएचा (पेशीतल्या एमआरएनए, म्हणजे जनुकांच्या निरोप-प्रतींवरून बनवलेल्या डीएनएचा) संपूर्ण संग्रह माकडाच्या मूत्रपिंडापासून बनवलेल्या कॉस पेशींत गटागटाने घातला आणि किरणोत्सारी आयोडीन लावलेले इंटरल्यूकिन-१ कोणत्या गटातल्या पेशी पकडतात ते पाहिले. या दोन कामांचे शोधनिबंध शेजारी ठेवून वाचावेत.

वाचण्याची पद्धत अशी. आकृतीखालचा मजकूर कागदाने झाकावा. आकृती पाहून तीत काय दिसते ते वहीत मराठीत लिहावे, आणि या निष्कर्षावर विश्वास ठेवण्यापूर्वी आपण कोणता कंट्रोल, म्हणजे पडताळणीसाठीचा तुलनेचा प्रयोग, मागितला असता तेही लिहावे. मगच कागद काढावा. एका आकृतीला पहिल्या वेळी तास लागतो आणि तो लागू द्यावा.

कंट्रोलवर मी एवढा भर देतो, त्यामागे स्वतःची फजिती आहे. उमेदवारीच्या काळात एका प्रयोगशाळेत मी बंधनाचा, म्हणजे लेबल लावलेले (किरणोत्सारी) साइटोकाइन पेशींना किती चिकटते हे मोजण्याचा, प्रयोग करत होतो. किरणोत्सार मोजणाऱ्या काउंटरवर आकडे भरघोस येत होते आणि मी दोन आठवडे हवेत होतो. शेजारच्या ताईंनी सहज विचारले, "बिनलेबलचे साइटोकाइन शंभरपट घातलेली नळी कुठे आहे?" ती नळी मी ठेवलीच नव्हती. ठेवली तेव्हा आकडे जवळपास तेवढेच राहिले, कारण माझे साइटोकाइन पेशींना नव्हे, नळीच्या प्लास्टिकलाच चिकटत होते. खऱ्या रिसेप्टरच्या जागा मोजक्या असतात, म्हणून बिनलेबलचा रेणू भरपूर घातला की लेबल लावलेल्याला जागा उरत नाही आणि आकडा कोसळायला हवा. तो कोसळला नाही, तर हाती काहीच लागलेले नाही असे समजावे.

यानंतर गणित स्वतः करून पाहावे. समजा आपल्या रिसेप्टरचा एमआरएनए एक लाखात एक आहे. तो संग्रहात असण्याची ९९ टक्के खात्री हवी असेल, तर एक लाख क्लोन (एकेक सीडीएनए बाळगणाऱ्या जिवाणूंच्या वसाहती) पुरत नाहीत, सुमारे ४,६०,००० लागतात. हजाराचा एक गट केला तर ४६० गट होतात, म्हणजे तेवढ्या प्लेट्स. एक गट लागला की त्यातले जिवाणू पुन्हा पसरून लहान गट करायचे. इथे नवखा माणूस हमखास फसतो: गट हजाराचा आहे म्हणून तो हजारच वसाहती उचलतो. तसे केल्यास हवा असलेला क्लोन निसटण्याची शक्यता ३७ टक्के राहते, तीन हजार उचलल्यास ती ५ टक्क्यांवर येते. अशा पायऱ्या उतरत शेवटी एकच क्लोन उरतो आणि त्याच्या डीएनएचा क्रम वाचता येतो. वहीतले हे पान पक्के झाले की शोधनिबंधातला कोणताही आकडा परका वाटत नाही.

पुढे इंटरल्यूकिन-२ कडे परत यावे, कारण त्याची कथा तिथे संपत नाही. अल्फा साखळी एकटी साइटोकाइनला सैल धरते, तर नैसर्गिक पेशीवरची पकड तिच्या सुमारे हजारपट घट्ट असते. हा फरक कोणाच्या चुकीमुळे आलेला नव्हता, दुसरे कोणीतरी तिथे असल्याची ती खूण होती. बीटा साखळी १९८९ मध्ये आणि गामा १९९२ मध्ये सापडली. १९९३ मध्ये कळले की एक्स गुणसूत्रावरच्या याच गामाच्या जनुकात बिघाड झालेली मुले प्रतिकारशक्तीवाचून जन्माला येतात. बिघाड एकाच साखळीतला असून एवढा भीषण का ठरावा याचे उत्तर असे की गामा साखळी इंटरल्यूकिन-४, ७, ९, १५ आणि २१ यांच्या रिसेप्टरमध्येही असते. न जुळणारा आकडा खोडून न टाकता जपून ठेवण्याची सवय म्हणजे काय, हे या क्रमातून जितके स्पष्ट दिसते तितके व्याख्यानातून दिसत नाही. ज्यांना औषधांची ओढ आहे त्यांनी टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या साइटोकाइनचे रिसेप्टर पाहावेत: त्यांची जनुके १९९० मध्ये हाती आली, आणि त्यांपैकी एकाच्या बाहेरच्या भागाला प्रतिपिंडाचा तुकडा जोडून केलेले एटॅनरसेप्ट १९९८ मध्ये अमेरिकेत संधिवातासाठी मंजूर झाले. टीएनएफ दाबले की शरीरात सुप्त असलेला क्षय उफाळू शकतो, म्हणून असे औषध देण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात. आपल्याकडे ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे.

हाताचे काम एम.एस्सी.च्या प्रबंधाच्या सत्रातच शिकून घ्यावे, आणि त्यात पेशीसंवर्धन पहिले. ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडवर पेशी वाढवणे वरवर सोपे दिसते, पण मायकोप्लाझ्मा हा संवर्धन दूषित करणारा जिवाणू साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही आणि त्याला पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिनलाही दाद देत नाही. उसन्या आणलेल्या पेशी तपासल्याशिवाय इनक्युबेटरमध्ये ठेवू नयेत. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या भांडारातून रीतसर मागवता येतात. किरणोत्सारी आयोडीनसाठी परवाना लागतो आणि आता बरेचसे काम फ्लुरोसंट रंग व फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) होते, त्यामुळे ते शिकायला मिळाले नाही तर हळहळू नये.

आता परीक्षा. सीएसआयआर-यूजीसी नेटच्या जीवविज्ञान पत्रिकेत २०० पैकी १०० गुण 'क' भागाला असतात. तिथे प्रयोग देऊन निष्कर्ष विचारतात, त्यामुळे वर सांगितलेली वही तिथेच कामी येते. या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, घरभाडे वेगळे. पुण्याचे ते केंद्र आणि दिल्लीची राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्था या दोन्ही ठिकाणी या विषयाच्या प्रयोगशाळा आहेत.

मार्गदर्शकाला लिहिताना पत्र दहा ओळींच्या वर जाऊ देऊ नये. त्यांच्या अलीकडच्या निबंधातली एक आकृती नेमकी नमूद करून तिच्याविषयी एक खरा प्रश्न विचारावा. लहानपणापासूनची विज्ञानाची आवड वगैरे गाळावे, ती सगळ्यांनाच असते. मुलाखतीला गेल्यावर तिथल्या विद्यार्थ्यांशी चहाच्या वेळी बोलावे आणि फसलेला प्रयोग प्रयोगशाळेच्या बैठकीत मोकळेपणाने मांडता येतो का, हे विचारून घ्यावे. मुलाखतीत हमखास विचारले जाते की तुमच्या प्रबंधातला सर्वांत कच्चा दुवा कोणता. "तसा काही नाही" हे उत्तर देऊन चांगले गुण असलेली मुले परत आलेली मी पाहिली आहेत. कोणता कंट्रोल राहून गेला, तो आता कसा करता येईल आणि तो उलटा निघाला तर कोणता निष्कर्ष मागे घ्यावा लागेल, एवढे तीन वाक्यांत सांगता येईल अशी तयारी करून गाडीत बसावे.