जनगणनेत वय जुळत नाही? आधी वर्ष बघा
इंग्लंडमधला पूर्वज 1841च्या जनगणनेत 30 वर्षांचा आणि 1851मध्ये एकदम 44चा दिसला, तर माणूस दुसरा असं लगेच ठरवू नका. 1841ला 15 वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती. 34चे 30 झाले. (सगळ्या गणकांनी ती पाळली नाही, हा वेगळाच ताप!) जन्मस्थळही तेव्हा राहत्या परगण्यातलं (काउंटीतलं) की नाही, आणि स्कॉटलंड, आयर्लंड किंवा परदेशातलं का, एवढंच विचारलं जाई. म्हणून वय आणि गावासाठी 1851 धरा. तरीही शंका उरली, तर बायकामुलांची नावं, मुलांचा क्रम आणि धंदा दोन्हीकडे ताडून बघा. मग चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद काढा. ती बहुतेकदा जन्माच्या आसपासची असते.