सत्तेचे सिद्धांत शिकताना: वादापासून सुरुवात करा

एम. ए. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षी मी सत्तेवरच्या नोट्स विचारवंतांच्या नावांप्रमाणे काढल्या. आधी मार्क्स, मग वेबर, मग ग्राम्शी, फूको. विरोध झाला तरी आपली इच्छा तडीस नेण्याची शक्यता म्हणजे सत्ता, ही वेबरची व्याख्या तोंडपाठ होती. तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, ‘मिल्स आणि डाल यांचं भांडण नेमकं कशावरून?’ मी गप्प बसले. हे सगळे एकमेकांना उत्तरं देत होते, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५६ मध्ये मांडलं की अमेरिकेत बड्या कंपन्या, लष्कर आणि केंद्र सरकार यांच्या शिखरावरचे मोजके लोकच मोठे निर्णय घेतात. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट डाल म्हणाले, निर्णय तपासून दाखवा. त्यांनी न्यू हेवन शहरातला पुनर्विकास, सरकारी शाळा आणि पक्षांच्या उमेदवाऱ्या तपासल्या, आणि प्रत्येक ठिकाणी वजनदार माणसं बरीचशी वेगळी निघाली (१९६१). पुढच्याच वर्षी बॅक्रॅक आणि बॅराट्झ या अभ्यासकांनी विचारलं, जे विषय निर्णयापर्यंत पोचूच दिले जात नाहीत, त्यांचं काय? ही सत्तेची दुसरी बाजू. १९७४ मध्ये ल्यूक्स त्याही पुढे गेले: लोकांना काय हवंसं वाटावं, हेच घडवता आलं तर विरोध उरतोच कुठे? ही सत्तेची तिसरी मिती.

इथे थांबून गॅरी शहराचं उदाहरण नीट वाचा. क्रेन्सन या अभ्यासकाने अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या शेजारशेजारच्या दोन पोलाद-शहरांची तुलना केली. ईस्ट शिकागोने हवेच्या प्रदूषणावर १९४९ मध्येच कायदा केला. गॅरीला १९६२ उजाडलं. गॅरी हे यू. एस. स्टीलने वसवलेलं शहर. कंपनीला उघड विरोधही फारसा करावा लागला नाही. तिचा दबदबाच इतका की विषय वर्षानुवर्षं पुढे आला नाही. फक्त झालेले निर्णय मोजणाऱ्याला हे दिसणार कसं? मला दुसरी बाजू या उदाहरणाने समजली, व्याख्येने नाही.

प्रबंधिकेसाठी मी एका गावातल्या ग्रामसभेची पाच वर्षांची इतिवृत्तं वाचली. रस्ते, दिवाबत्ती, घरकुलं, पाणीपट्टी. मग गावाबाहेरच्या वस्तीत जाऊन बसले, तर पहिल्या दहा मिनिटांत कळलं की स्मशानाला वाट नाही, पावसाळ्यात मयत दुसऱ्याच्या बांधावरून न्यावी लागते. नोंदवहीत याचा एक शब्द नव्हता. ग्रामसभेत का मांडलं नाही, असं विचारल्यावर एक आजी म्हणाल्या, ‘ज्यांच्या रानातनं वाट काढायची, त्यांच्याकडंच आम्ही रोजानं जातो, बाई.’

मी मोठ्या उत्साहाने हे ल्यूक्सची तिसरी मिती म्हणून लिहिलं. सरांनी ते प्रकरण परत केलं. म्हणाले, आजींना काय हवंय ते त्यांना पक्कं ठाऊक आहे, कोण आडवं येईल तेही ठाऊक आहे. मग त्यांच्या इच्छा घडवल्या गेल्या असं कशावरून म्हणतेस? सर बरोबर होते. रोजगार जाईल या अंदाजानेच विषय दाबला गेला होता, अगदी गॅरीसारखा. गरीब माणसाच्या गप्प बसण्याला ‘भ्रामक जाणीव’ (म्हणजे स्वतःचं खरं हित न कळणं) म्हणून मोकळं होण्याची घाई आपल्या विषयात फार होते, आणि ती मला आता अन्यायाची वाटते.

नेट किंवा यूपीएससीची तयारी करणाऱ्यांनी सत्ता आणि अधिसत्ता (लोकांनी रास्त म्हणून मान्य केलेली सत्ता) यांतला फरक आधी पक्का करावा. खुर्चीचा अधिकार एकाकडे, प्रत्यक्ष शब्द दुसऱ्याचाच चालतो, हे आपल्या गावात सापडेलच. वेबरचे तीन प्रकार, म्हणजे परंपरा, करिष्मा आणि कायदा, अधिसत्तेचे आहेत; सत्तेचे म्हणून लिहिलंत तर उत्तराचा पायाच चुकतो. फूकोला शेवटी ठेवा. सत्ता कुणाच्या हातातली वस्तू असते, हे गृहीतच तो मोडतो, आणि ते गृहीत आधी नीट कळलेलं असावं लागतं.

क्षेत्रकार्याला जाणार असाल तर आधी वस्तीत बसा, इतिवृत्तं नंतर मागा. मी उलटं केलं, त्यात दोन महिने गेले.